प्रश्न पुसू नका

तांत्रिक अडचण चारचौघांत विचारली आणि समोरून टोमणा आला, की बहुतेक जण भांडत बसत नाहीत. ते आपला प्रश्न पुसून टाकतात. गुपचूप, कुणाच्या लक्षात यायच्या आत. मी हे आमच्या ऑफिसात पाहिलंय, ठाण्यातल्या पोरापोरींच्या ग्रुपवर पाहिलंय, जगभरचे लोक जिथे प्रश्न टाकतात अशा इंग्रजी साइटवर पाहिलंय. आणि दर वेळी टोमणा मारणाऱ्याच्या रागापेक्षा त्या पुसलेल्या प्रश्नाची हळहळ मला जास्त वाटते. कारण तो प्रश्न एकट्याचा नसतो. तीच अडचण पुढच्या महिन्यात नांदेडच्या कुणाला तरी येणार असते, आणि त्याने कितीही शोधलं तरी त्याला काही सापडणार नसतं.

मी ठाण्याला उथळसरमध्ये राहते. काम तुर्भ्याला. आमचं छोटंसं ऑफिस आहे आणि आमची बरीचशी गिऱ्हाइकं वाशीच्या एपीएमसीतली: कांदा-बटाटा मार्केटमधले आडते, मसाला मार्केटमधले काही व्यापारी. त्यांचे हिशेब, उधाऱ्या, पट्ट्या हे सगळं आमच्या प्रोग्रॅमवर चालतं. ज्यांचा बाजाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतकऱ्याने पाठवलेला माल विकला गेला की आडत्या त्याला हिशेबाचा जो कागद देतो, ती पट्टी. किती गोणी आल्या, वजन किती भरलं, भाव काय मिळाला, त्यातून हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं किती गेलं आणि निव्वळ रक्कम किती उरली. जुन्नरचा किंवा निफाडचा शेतकरी दर वेळी मालाबरोबर येत नाही. त्याच्या दृष्टीने त्या दिवशीचा बाजार म्हणजे ती पट्टी. तिच्यावर त्याचा विश्वास बसला पाहिजे.

आमच्या एका शेठना ही पट्टी पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची होती, आणि मराठीत. छापील पट्टीपुस्तक वर्षानुवर्षं मराठीत होतं, मग मोबाइलवर आली म्हणून ती इंग्रजीत का व्हावी, असा त्यांचा सवाल. मला तो पूर्ण पटला.

आम्ही पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली पीडीएफ बनवणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरत होतो. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी. पहिली पट्टी काढली आणि ‘नाशिक’चं ‘नाशकि’ झालेलं. ‘दिवस’चं ‘दविस’. ‘पट्टी’तले दोन ट एकमेकांपासून सुटले होते आणि पहिल्याचा पाय मोडलेला दिसत होता. अक्षरं सगळी होती. कुठे रिकामी चौकट नाही, कुठे प्रश्नचिन्ह नाही. फक्त पहिल्या वेलांट्या पुढच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या आणि जोडाक्षरं फुटली होती. आपलं गावाचं नाव असं छापून आलेलं पाहिल्यावर शेतकरी खालच्या रकमेवर तरी कसा विश्वास ठेवेल?

मी प्रश्न लिहिला, आणि नीट लिहिला. दहा-बारा ओळींचा कोड, जो कुणालाही आपल्या मशिनवर जसाच्या तसा चालवून बघता येईल. फॉन्टचं नाव. पायथनची आणि लायब्ररीची आवृत्ती. शेजारी-शेजारी दोन चित्रं: ब्राउझरमध्ये बरोबर दिसणारी ओळ आणि पीडीएफमधली बिघडलेली ओळ. साइटचं नाव इथे घेत नाही, घेऊन काही साधणार नाही.

पहिलं उत्तर थोड्याच वेळात आलं. त्याचा आशय असा: हे शंभरदा विचारून झालंय, जरा शोधायचे कष्ट घे. आधी युनिकोड (जगभरच्या लिप्यांतली अक्षरं कॉम्प्युटरमध्ये साठवायची ठरलेली पद्धत) म्हणजे काय ते वाचून ये. आणि बिल इंग्रजीत काढलंस तर हा प्रश्नच येणार नाही. सोबत एका जुन्या प्रश्नाची लिंक. त्या उत्तराला बऱ्याच जणांनी पसंतीही दिलेली.

पहिली दोन वाक्यं मी गिळली असती. तिसऱ्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या कागदावर एखाद्याच्या अख्ख्या हंगामाचा हिशेब आहे, तो त्याला वाचता येईल अशा भाषेत असावा, यात मला कुणाची माफी मागण्यासारखं काही दिसत नव्हतं. आजही दिसत नाही.

आमच्याकडे कोपरखैरण्याची एक मुलगी काम करते, तेव्हा नुकतीच डिप्लोमा होऊन आली होती. मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला आणि म्हटलं, हे वाच आणि यात करण्यासारखं काय आहे तेवढंच मला सांग. तिने शांतपणे वाचलं. म्हणाली, “ताई, दोन गोष्टी आहेत. एक लिंक आहे, ती बघायची. आणि युनिकोडचं वाचायला सांगितलंय. तिसरं काही कामाचं नाही.”

तेव्हापासून आमच्याकडे ही पद्धतच पडलीय. उद्धट उत्तर ज्याला आलं त्याने ते पुन्हा वाचायचं नाही. दुसऱ्याने वाचायचं आणि त्यातलं काम तेवढं तोंडी सांगायचं. ज्याला ते लागलेलं नसतं त्याला त्यातला मजकूर सरळ दिसतो. ज्याला लागलंय तो तेच एक वाक्य घोकत राहतो आणि बाजूची कामाची ओळ त्याच्या नजरेतून निसटते. तुम्ही एकटे काम करत असाल तर बहीण, नवरा, बायको, रूममेट, कुणीही चालेल. त्यांना तंत्रज्ञान कळायची गरज नाही. ‘यात मला काय करायला सांगितलंय?’ एवढंच विचारायचं. आणि ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं, तर त्या प्रतिक्रियेकडे पुन्हा बघायचंच नाही.

लिंक उघडली. तो जुना प्रश्न एन्कोडिंगचा होता. मजकूर एका पद्धतीने साठवला आणि दुसऱ्या पद्धतीने वाचला की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं उमटतात, तो प्रकार. आमच्याकडे तसं काहीच होत नव्हतं. म्हणजे उत्तर उद्धट तर होतंच, वर चुकीचंही होतं. ज्याने ते लिहिलं त्याला देवनागरी वाचता येत नसणार. त्याच्या डोळ्यांना ‘नाशिक’ आणि ‘नाशकि’ सारखेच. पण त्या लिंकचा मला उपयोग झाला. आपली अडचण एन्कोडिंगची नाही, हे मला आता ठासून सांगता येत होतं.

मग युनिकोड. टोमणा म्हणून सांगितलेलं असलं तरी मी खरंच वाचलं. युनिकोडच्या प्रमाणग्रंथात बाराव्या प्रकरणात देवनागरीचा भाग आहे. त्यात स्वच्छ दिलंय की पहिली वेलांटी साठवताना व्यंजनाच्या नंतर असते आणि दाखवताना व्यंजनाच्या डाव्या बाजूला काढायची असते. उच्चाराच्या क्रमाने साठवण, डोळ्यांच्या सवयीने मांडणी. ही हलवाहलव, जोडाक्षरांची जुळणी, रफार वर नेणं, हे सगळं करणाऱ्या टप्प्याला शेपिंग म्हणतात. ब्राउझर ते करतो, फोन करतो. आमची लायब्ररी करत नव्हती. ती एकेका चिन्हासाठी फॉन्टमधून एकेक आकार उचलायची आणि ओळीने मांडायची. इंग्रजीचं तेवढ्यावर भागतं.

मग मी त्या उत्तराखाली लिहिलं: ‘लिंकबद्दल आभार. तो प्रश्न एन्कोडिंगचा आहे. इथे सगळी अक्षरं दिसतात, पण त्यांचा क्रम चुकतो. दुसरं चित्र पाहा. वेलांटीचं हे चिन्ह व्यंजनाच्या डावीकडे दिसायला हवं. ही लायब्ररी शेपिंग करते का, कुणाला माहीत आहे का? कागद मराठी वाचणाऱ्या शेतकऱ्यांना जातो, त्यामुळे भाषा बदलता येणार नाही.’

शेवटचं वाक्य ठेवायचं की नाही यावर माझा बराच वेळ गेला. ठेवलं. आवृत्ती सांगतो तशीच ती कामाची एक अट होती, आणि तशाच सुरात सांगितली.

त्या पहिल्या माणसाने पुन्हा काही लिहिलं नाही. दुसऱ्याच कुणीतरी एक ओळ टाकली: शेपिंग होत नाही, हार्फबझ बघा. हार्फबझ हे शेपिंगचं काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, सगळीकडे तेच बसवलेलं आहे. त्या एका नावावरून पुढचं सगळं सापडत गेलं. वीझीप्रिंट नावाचं साधन पँगो या दुसऱ्या एका लायब्ररीमार्फत हार्फबझच वापरतं. पट्टी एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपेज ज्यात लिहितात त्यात, मांडून त्यातून पीडीएफ काढली की नाशिक नाशिकच राहतं. एफपीडीएफ-टू या पायथनच्या लायब्ररीतही २०२३ पासून शेपिंगची सोय आहे, फक्त ती मुद्दाम चालू करावी लागते. मधे एकाने जुने डीटीपीचे फॉन्ट वापरायचा सल्ला दिला होता. त्यांत वेलांटी आधीच टाइप करतात, म्हणून छापील कागदावर ती बरोबर दिसते. पण तो मजकूर कॉपी करून दुसरीकडे टाकला की त्याचा पालापाचोळा होतो, शोधताही येत नाही. मी तो सल्ला घेतला नाही.

पट्टी नीट निघायला लागल्यावर मी आपल्याच प्रश्नाखाली पूर्ण उत्तर लिहिलं, कोडसकट, चित्रांसकट. काही महिन्यांनी नेपाळमधल्या एकाने तिथे आभार मानले. नेपाळीही देवनागरीतच लिहितात. तो एका शाळेची निकालपत्रं छापत होता आणि त्याच्या पोरांच्या नावांतल्या वेलांट्या अशाच सरकत होत्या. त्याला माझ्या प्रश्नाखालचा तो टोमणा दिसला असणारच. त्याने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याला शेपिंग हवं होतं, ते मिळालं.

आता, लोक असं का बोलतात? त्यांची बाजू आहे, आणि ती मी नाकारत नाही. उत्तर देणारे फुकट देतात, स्वतःचं काम संपवून देतात, आणि त्यांच्यासमोर रोज असे प्रश्न येतात ज्यांत ‘चालत नाही, अर्जंट मदत करा’ यापलीकडे काही नसतं. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातले एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी २००१ साली हॅकर मंडळींना (इथे अर्थ चोर असा नाही, कोडमध्ये रमणारे असा) प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत यावर एक लांबलचक लेख लिहिला. आजही नवख्या माणसाच्या तोंडावर त्याची लिंक फेकली जाते. त्यातला बराच सल्ला मला मान्य आहे. आधी शोधा, काय करून पाहिलं ते सांगा, आपले तर्क सांगण्यापेक्षा लक्षणं सांगा. हे शेवटचं तर मी आमच्या मुलांना रोज सांगते. पण त्या लेखात असंही म्हटलंय की या जगात जे उद्धट वाटतं ते बरंचसं दुखावण्यासाठी नसतं, ती रोखठोक बोलण्याची रीत असते. इथे माझं त्यांच्याशी जुळत नाही. रोखठोक आणि उद्धट यांत फरक करता येतो, आणि तो अगदी सहज करता येतो.

पहाटे कांदा मार्केटला जाऊन उभं राहा. गाड्या लागलेल्या, मापाडी काट्यावर, हमालांच्या पाठीवर गोण्या. तिथे कुणी कुणाशी गोड बोलत नाही. ‘बाजूला हो.’ ‘चिठ्ठी दे.’ ‘पुढचा गाळा.’ पण गाळा कुठे आहे असं विचारणाऱ्या नवख्या ड्रायव्हरला ‘एवढं माहीत नाही तर गाडी कशाला आणलीस’ असं म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही. हाताने दिशा दाखवतात आणि आपल्या कामाला लागतात. ‘आवृत्ती सांगा’, ‘कोड कुठाय’, ‘हे शेपिंगचं आहे’ ही उत्तरं मला त्या जातीची वाटतात. त्यांना मी कधीच उद्धट म्हणणार नाही, आणि नवख्या मुलांनीही म्हणू नये. कोरडं उत्तर आलं की काही जणांचे डोळे भरतात, त्यांना मी हेच सांगते: यात दिशा आहे ना, मग झालं. ‘आधी शिकून ये’ हे त्यातलं नाही. ते अडचण सोडून माणसावर येतं.

मोठमोठ्यांनाही हा फरक मान्य करावा लागलाय. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा जनक लिनस टोरवाल्ड्स याच्या ईमेल त्यांतल्या जहाल भाषेसाठी गाजलेल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली. आपल्या वागण्याने माणसं दुखावली आणि काही जण त्यामुळे कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम कायमचं सोडूनही गेले असतील, हे त्याने स्वतः लिहिलं आणि काही काळ तो बाजूला झाला. त्याच सुमाराला कर्नलच्या कामासाठी नवी आचारसंहिता आली. २००८ पासून चालू असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटनेही २०१८ च्या एप्रिलमध्ये जाहीरपणे लिहिलं की फार लोकांना, विशेषतः नवख्यांना आणि स्त्रियांना, ती जागा परकी आणि तुच्छतेने वागवणारी वाटते आणि हे बदलायला हवं. यामुळे सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. पण ‘इथे असंच चालतं, जमत असेल तर राहा’ असं कुणी म्हणालं, तर ते त्या जागा उभ्या करणाऱ्यांनीच खोडून काढलंय, हे ठाऊक असावं.

माझ्या जिवाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट मात्र इंग्रजीतली नाही. ती आपल्यातलीच आहे.

दिव्याहून येणारा एक मुलगा आमच्याकडे होता. हुशार, हाताला वेग असलेला. बॅकअपची एक स्क्रिप्ट हाताने चालवली की चालायची, पण रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, आपोआप चालायची नाही. त्याने एका ग्रुपवर विचारलं. ग्रुप मराठी, माणसं इथलीच, ठाणे-डोंबिवली-ऐरोलीची. उत्तर आलं: ‘भावा, एवढंही येत नाही? हे तर दहावीच्या पोराला येतं.’ खाली हसऱ्या तोंडांची रांग. त्याने प्रश्न पुसला. आणि त्यानंतर त्याने आम्हालाही विचारणं बंद केलं.

बॅकअप होत नव्हता हे आम्हाला कळलं ते एका शेठचा कॉम्प्युटर बंद पडल्यावर. पट्ट्यांच्या कार्बन कॉपी होत्या म्हणून निभावलं. आम्ही सगळे त्यांच्या गाळ्यावर बसून, बाजूला कांद्याच्या गोण्या, एकेक पट्टी वाचून पुन्हा भरत होतो. तो मुलगा खाली मान घालून सगळ्यांत जास्त भरत होता. मी त्याला एका शब्दाने बोलले नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर फार सोपं होतं. आपण लॉगिन केल्यावर आपल्याला जो पाथ, म्हणजे आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी, मिळतो तो क्रॉनला मिळत नाही, त्याचा पाथ तोकडा असतो. त्यामुळे डेटाबेसचा बॅकअप काढणारी आज्ञा त्याला सापडतच नाही. स्क्रिप्टमध्ये त्या आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहिला की काम झालं. आणि क्रॉनचा निरोप कुठल्या तरी फाइलमध्ये लिहून ठेवायला सांगितलं, की काय बिनसलंय तेही दिसतं.

‘एवढंही येत नाही?’ हे आपण सगळ्यांनी फळ्यासमोर उभं राहून ऐकलेलं आहे, हातात खडू आणि मागे अख्खा वर्ग. म्हणून ते परक्या माणसाच्या इंग्रजी टोमण्यापेक्षा खोल जातं. ऐकणाऱ्याला पुन्हा त्या वर्गात नेऊन उभं करतं. आपल्याकडे हे इतकं सवयीचं झालंय की बोलणाऱ्याला आपण काही वावगं बोललो असं वाटतही नाही. तो म्हणेल, अरे गंमत केली. त्या गमतीपायी एक चांगला मुलगा विचारायचा थांबला.

मी त्या मुलाचं नाव न घेता तोच प्रश्न त्याच ग्रुपवर पुन्हा लिहिला आणि खाली स्वतःच उत्तर लिहिलं. टोमणा मारणाऱ्याला काही म्हटलं नाही. हसणाऱ्यांपैकी दोघांनी मला वेगळा मेसेज करून विचारलं, हा पूर्ण पत्ता नक्की कुठे लिहायचा. म्हणजे त्यांनाही येत नव्हतं. मी दोघांनाही नीट समजावून सांगितलं आणि विनंती केली की हेच ग्रुपवर विचारा, तिथे सांगते. एकाने विचारलं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं कशाला, चॅटजीपीटीला विचारा. नोव्हेंबर २०२२ पासून ते हाताशी आहे आणि आमच्याकडची मुलं दिवसभर वापरतात. मीही वापरते. ते कधी वैतागत नाही, एकच गोष्ट कितीदाही विचारा, आणि ज्याने वर्षानुवर्षं टोमणे खाल्लेत त्याला याचं केवढं सुख आहे हे मला समजतं. पण वेलांटीचा तो प्रश्न मी नंतर अशा एका साधनाला विचारून पाहिला, तर त्यानेही आधी एन्कोडिंगच तपासायला सांगितलं. फार नम्रपणे सांगितलं. चुकीचं उत्तर नम्र असलं की माणूस त्यावर जास्त वेळ घालवतो. आणि दुसरं म्हणजे ते बोलणं तुमच्याच खोलीत राहतं. नेपाळमधल्या त्या माणसाला त्याचा काही उपयोग झाला नसता. आपल्या लिपीच्या अडचणी चव्हाट्यावर लिहिल्या गेल्या पाहिजेत. स्टॅक ओव्हरफ्लो पोर्तुगीजमध्ये आहे, स्पॅनिशमध्ये आहे, रशियन आणि जपानीतही आहे. आपल्याकडच्या एकाही भाषेत नाही. म्हणजे आपण इंग्रजीतच जाऊन विचारणार, आणि तिथे वेलांटी म्हणजे काय हे समजावण्यापासून सुरुवात करावी लागणार. थकवा येतो. तरीही मी ते करत राहणार आहे.

सगळंच सोसायचं असं मात्र मी कुणाला सांगत नाही. माझ्या नावावरून मी बाई आहे हे कळतं, आणि कधी उत्तर कोडबद्दल नसतंच. देश, जात, इंग्रजीची ढब, बाईमाणूस असणं, यांवर कुणी घसरला तर त्यातून काम काढायच्या भानगडीत पडायचं नाही. त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचा, तिथल्या मॉडरेटरला कळवायचं आणि त्या माणसाला उत्तर द्यायचं नाही. आमच्या मुलींना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते, आणि कळवताना सोबत मी बसते. एकटीला ते अवघड जातं. प्रश्न मात्र तिथेच राहू द्यायचा. घसरला तो, प्रश्न का जावा?

आणि जे नुसते वाचत असतात, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तुमच्यासमोर कुणाला झापलं जात असेल आणि उत्तर तुम्हाला येत नसेल, तरी एक ओळ लिहा: ‘मलाही हीच अडचण आहे.’ विचारणाऱ्याला मिळणारा धीर तर आहेच, पण झापणाऱ्यालाही दिसतं की इथे एकच माणूस अडलेला नाही. मी हे अनेकदा केलंय. पुढची उत्तरं जरा सरळ येतात.

पट्टीचं काम अजून पूर्ण झालेलं नाही. तिच्यावरचा पहिलाच रकाना आहे ‘शेतकऱ्याचे नाव’. त्यातला ‘ऱ्या’ आपला मराठीचा खास, आणि युनिकोडमध्ये त्यासाठी ‘ऱ’ हे वेगळं चिन्ह दिलेलं आहे. पण काही आडत्यांकडच्या जुन्या याद्यांत तो साधा र, त्याचा पाय मोडून पुढे य, असा टाइप केलाय. शेपिंग बरोबर चालतं, आणि बरोबर चालतं म्हणूनच तिथे रफार होऊन ‘शेतकर्याचे’ छापलं जातं. आडनावांतही तेच, गोऱ्हे, कऱ्हाडे. सरसकट बदलावं तर सूर्यवंशींचं नाव बिघडेल. हा प्रश्न मी मागच्या आठवड्यात टाकला. आतापर्यंत एकच प्रतिक्रिया आलीय, जरा तिरकस. कोपरखैरण्याच्या मुलीने ती वाचली आणि मला सांगितलं की कुठले फॉन्ट बदलून पाहिले ते मूळ प्रश्नात लिहायला हवं. ते आज लिहिते.

तुमच्यापैकी कुणी मराठी नावांच्या मोठ्या यादीवर हे काम केलं असेल, तर कसं केलं ते मला कळवा. मराठीत कळवलंत तरी चालेल, तिथे इंग्रजीत मी लिहीन आणि तुमच्या नावानिशी लिहीन. आणि मराठी छापण्याची तुमचीच काही अडचण असेल, सोसायटीची पावती असो की पतपेढीचं पासबुक, तर मूळ मजकूर, फॉन्टचं नाव आणि बिघडलेल्या कागदाचा फोटो, एवढं पाठवा.